परत आलेल्या पिशवीची हकीकत

प्रिय चिमणे,

सगळ्यांत आधी आली ती मेणबत्तीवाली. रविवारी चार वाजता या म्हटलं होतं, तर ही बया पावणेतीनलाच दारात उभी, मी अजून डोळे चोळतेय. तिच्या अंगाला फुलांचा असा काही वास, की शेजारीण उगीचच दोनदा डोकावून गेली. मग लाकडी खेळणी करणारे मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेत, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. शेवटी दोघी जावा, लोकरीच्या बाहुल्या विणणाऱ्या. एकीचं वाक्य दुसरीच पुरं करते आणि मग पहिली म्हणते, मला तसं म्हणायचंच नव्हतं. आपल्या पुढच्या खोलीत खुर्च्या तीनच, म्हणून मास्तर शिवणयंत्राच्या स्टुलावर बसले. ते डुगडुगतं हे त्यांना बसल्यावर कळलं. मग दोन तास जागचे हलले नाहीत बिचारे.

ही सगळी मंडळी तुझ्या लेकीनं फोनवरच्या विक्रेत्यांच्या गटातून शोधून काढली. कुणी कुणाला आधी पाहिलेलं नव्हतं. सगळे तिच्यासारखेच, घरात बसून काहीतरी बनवायचं आणि त्या ऑनलाइन कंपनीमार्फत विकायचं. आणि सगळ्यांना गंडवणारी बाई एकच, खोक्यांवर नाव-पत्ता तोच. नवी वस्तू मागवायची, आवडली नाही म्हणून परत करायची, आणि खोक्यात भरायची भलतीच जुनी. हिनं शिवलेल्या निळ्या पिशवीच्या जागी फाटक्या अस्तराची, चेन तुटलेली कुठलीशी पिशवी आली ते तुला माहीतच आहे. मेणबत्तीवालीला अर्ध्या जळलेल्या परत आल्या. मास्तरांचा लाकडी घोडा गेला आणि आला प्लॅस्टिकचा बेडूक. मला हसू फुटलं, पण त्यांचं तोंड बघून मी खोकल्यासारखं केलं.

पैसे त्या बाईला परत मिळाले, वर कंपनीनं तुझ्या लेकीच्याच दुकानावर ठपका ठेवला, की ही खराब माल पाठवते. महिनाअखेरपर्यंत तो पुसला गेला नाही तर दुकान बंद. आणि तू इकडे बजावून ठेवलेलंस, की दुकान बंद झालं तर शिवणयंत्र झाकून ठेव आणि मामाच्या ऑफिसात कामाला लाग. पोरीनं हे दोन्ही ऐकून घेतलं आणि शिवत बसली. मी तिच्या वयाची असते तर त्या बाईच्या दारात जाऊन उभी राहिले असते.

पण हिची रीत वेगळी. पिशवी खोक्यात घातली, चिकटपट्टी लावली, की ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते आणि काट्यासकट फोटो काढून ठेवते. मला वाटायचं, पिशवी आहे की सोनं? माझा काटा आठ-आठ दिवस तिच्याच टेबलावर. ठपका आला त्या दिवशी तिनं परत आलेलं खोकं उलटंपालटं केलं आणि त्यावरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. पार्सलवाले त्या बाईच्या घरून खोकं उचलतात तेव्हा तेही वजन करून चिठ्ठी डकवतात. जाताना होतं त्याच्या निम्मंच भरलं होतं ते. मग हिनं बाकीच्यांना फोन लावले. मास्तर पुठ्ठ्याचा तुकडासुद्धा टाकत नाहीत, त्यांची खोकी माळ्यावर होती. जावांनी खोकं टाकून दिलं होतं, पण भांडणापायी चिठ्ठीसकट फोटो काढलेला होता, कुणी नीट बांधलं नाही ते दाखवायला. सगळ्यांची तीच गत, पाठवतानाच्या पावतीवरलं वजन आणि परतीच्या चिठ्ठीवरलं, दोन्हींत फरक.

रविवारी हे सगळं एकत्र लावून कंपनीला लिहायचं ठरलं. मेणबत्तीवाली म्हणाली, आधी त्या बाईचा फोटो आणि पत्ता सगळीकडे टाकू, तोंड लपवून पळेल. जावांना ते फार पटलं, पहिल्यांदाच दोघींना एकदम. तुझी लेक नको म्हणाली. त्या बाईच्या घरात पोरंबाळं असतील, आपल्याला आपला ठपका पुसायचाय, तिच्या दारात चिखल नाही टाकायचा. एवढंच बोलली आणि लिहायला बसली. एक शिवी नाही, एक रड नाही. मास्तरांनी दोनदा वाचून बघितलं आणि खोडायला काही सापडलं नाही म्हणून जरा हिरमुसले.

आणि असं नाही हं, की परत आलेलं सगळं ही भांडून नाकारते. मागे एका म्हाताऱ्या बाईच्या पिशवीचा बंद उसवला होता. हिनं टाके बघितले, माझीच चूक म्हणाली आणि दुसरी पिशवी पाठवली, आतला खिसा मोठा करून, कारण त्या बाईनं चष्मा मावत नाही असं सहज लिहिलं होतं.

आज सकाळी कंपनीचं उत्तर आलं. ठपका पुसला, सगळ्यांचाच. यापुढे त्या बाईचं परत येणारं खोकं कंपनी स्वतः उघडून बघणार. पोरीनं मला ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पुन्हा शिवायला बसली.

आता ज्यासाठी पेन हातात घेतलं ते लिहिते. फोनवर हे बोलता येईना, कारण ती याच खोलीत असते. कंपनीनं आधी म्हटलं होतं ना, की खोकं बघून घेतल्याची तुमची सही आहे, आणि तू तिला किती बोललीस, न उघडता सही करतेस, धंदा कसला करणार म्हणून? ती सही माझी. परत आलेलं पार्सल त्या माणसासमोर उघडायचं, फोनवर चित्र घ्यायचं, मगच सही, हा तिचा नियम. ती दोरे आणायला गेली होती. तो माणूस घामाघूम होऊन आला, मला वाटलं कशाला खोळंबवायचं. पाणी दिलं आणि त्याच्या फोनवर बोटानं रेघ ओढून मोकळी झाले. नंतर मी रडले तर मलाच म्हणाली, "आजी, तू तहानलेल्या माणसाला पाणी दिलंस, त्यात काय चुकलं? मी घरात नसले तर काय करायचं, हे मीच तुला सांगितलं नव्हतं." आणि तुझं बोलणं सगळं स्वतःवर घेतलं. माझं नाव काढलं नाही, मलाही काढू दिलं नाही. तेव्हा मला हवं तेवढं बोल, पण तिला बोललेलं परत घे आणि ऑफिसची गोष्ट पुन्हा काढू नकोस. जमलं तर ये. सामान कसं बांधायचं ते तिच्याकडून शिकायला मंडळी गुरुवारी पाच वाजता परत यायचं कबूल करून गेलीत. मेणबत्तीवाली धरून चाल की पावणेचारलाच येईल.

तुझीच, सही करून बसलेली,
आई