मागे चालू ठेवलेलं गणित

१२ जून ७८, मंगरूळपीर
काल पोचले. अमेरिकेहून निघाल्यापासून रडले नव्हते, बाबांना पाहून रडले. उजवं अंग गेलंय, वाचाही. मला ओळखलं. बहुतेक.
निघायच्या दिवशी खोलीतूनच, फोनवरून कॉलेजच्या काँप्युटरला जोडून, प्रबंधाचं गणित लावून आले. जमिनीत पाणी कसं झिरपतं त्याचं. महिनाभर चालेल. आधी एकदा फोन ठेवला तर गणितही बंद पडलं होतं. खोलीतली सोबतीण लिंडा म्हणाली, आदेशाआधी 'नोहप' लिही, तू गेलीस तरी चालू राहतं. लिहिलं. तिकडे माझं आता तेवढंच.

१५ जून
दादाला सांगितलं, ऑगस्टात परत जावंच लागेल. गणिताचंही सांगितलं. नीट ऐकून घेतलं त्याने.
"तू इथं, अन् ते तिथं चालूच हाय?"
"हो."
"पाहाले कोनी नाही?"
"नाही."
"मंग तुयं काय काम हाय तिथं?"
चिडून नाही, खरंच विचारलं.  माझा पासपोर्ट त्याने आमच्या दुकानाच्या तिजोरीत ठेवलाय म्हणे. जपून.

१९ जून
सकाळी पोस्टात ट्रंक कॉल लावला, संध्याकाळी लागला. लिंडा ओरडत होती तरी पुसट. तिकडे वीज गेली, मशीनच बंद पडलं, चालू होतं ते सगळं गेलं. माणूस निघून गेलं तर नोहप कामाचं. मशीन पडलं तर नाही.
"मी पुन्हा लावते, आकडे सांग."
सांगायला लागले आणि लाइन कटली. ऑपरेटर म्हणाला, "ताई, आता नाही लागत."

२१ जून
फोन नाहीच. आकडे पत्रात टाकले. पोचेपर्यंत जुलै. पोचलं तर.

२३ जून
वहिनी हळूच म्हणाली, "कारंज्याचे लोक रविवारी तुले पाहाले येऊन राह्यले. मी सांगतलं म्हनू नको."
भांडायला हवं होतं. जेवून झोपले.

२६ जून
काल ते येऊन गेले. पसंत आहे म्हणे. दादा ते बाबांना सांगत होता, मी पाय चेपत होते. बाबांचं तोंड हललं. आजारानंतर पहिल्यांदाच शब्द निघाला: "जा..." पुढे जीभ वळेना.
दादा म्हणाला, "जाऊ नको म्हनून राह्यले."
मी वाकले. "बाबा, काय? पुन्हा म्हणा."
डावा हात माझ्या मनगटावर ठेवला त्यांनी. धरलं की ढकललं, तेही कळलं नाही.