गुडघ्याची चौकशी करणारा नातू

सीमेवरच्या माझ्या थोरल्या नातवास आजीचे पोटभर आशीर्वाद.

तू बरा असशीलच. नसलास तरी पत्रात बराच असतोस, तेव्हा विचारून काय उपयोग? मी धडधाकट आहे, तुझी आई मात्र नाही, आणि त्याला कारण तू. म्हणजे तू नव्हे, तुझा आवाज. हे पत्र शेजारच्या टंकलेखक बाईंकडून लिहवून घेतेय. (बाई म्हणतात, जरा हळू सांगा. जन्मभर साहेबांचं भराभर टिपलं, आणि बोटं दुखायला मीच सापडले!)

तर सोमवारी सकाळी मी भाजी निवडत बसले होते, तेवढ्यात मोबाइलवर तुझा आवाज आला. मला अक्षर येत नाही, त्यामुळे सगळं जग माझ्या कानातच येऊन बसतं. आवाज म्हणाला, "आजी, तुझा गुडघा कसा आहे? इथं दारूगोळा संपलाय, साहेब लोक आम्हाला टाकून पळाले. तुम्ही बायका उद्या तिथल्या छावणीच्या फाटकावर बसा, एकही ट्रक बाहेर सोडू नका, तरच आम्हाला परत आणतील." आवाज हुबेहूब तुझा, मधेच नाक ओढायची सवयसुद्धा. तुझ्या आईनं लगेच देव पाण्यात ठेवले. मी तो तीनदा ऐकला, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. तू जन्मात मला आजी म्हटलेलं नाहीस. बोलायला लागलास तेव्हापासून "ए म्हातारे!" आणि गुडघा? आपल्या घराण्यात माझ्या गुडघ्याची चौकशी कुणी केली आहे? (तुझ्या बापानंही नाही, पण तो विषय काढला तर बाईंची शाई संपेल.)

तोवर तो निरोप तुमच्या तुकडीतल्या पोरांच्या अकरा घरी पोचला होता. मंगळवारी सकाळी अकराही घरच्या बायका चटया काखोटीला मारून फाटकाकडे निघाल्या. मी काठी टेकत पुढे गेले आणि वाटेतच फतकल मारली. म्हटलं, बायांनो, त्या ट्रकांत तुमच्याच पोरांचं धान्य आणि औषधं जातात, ते अडवून भलं कुणाचं होणार? कुणी ऐकेना. मग म्हटलं, निदान फोन लावा आणि फक्त घरच्यालाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारा. कोपऱ्यावरच्या घरातल्या सुनेचा फोन लागला. तिनं नवऱ्याला विचारलं, आपल्या लग्नाची तारीख कोणती? त्याला काही सांगता येईना. "शत्रू!" असं किंचाळून तिनं फोन कापला. बिचाऱ्यानं तीनदा लावला, तीनदा कापला. चौथ्यांदा तिच्या सासूनं घेतला. "लहानपणी पिठाच्या डब्यात काय लपवलं होतंस?"

"तुझी कवळी! आई, अगं तुम्हा सगळ्यांना झालंय काय? कोण पळालंय? साहेब इथं माझ्या शेजारीच चहा पितायत."

बायका हसून हसून तिथंच बसल्या. चटया गुंडाळल्या गेल्या, ट्रक वेळेवर निघाले.

दुपारी छावणीतून एक साहेब आले. असले खोटे आवाज हुडकणं हेच त्यांचं काम. म्हणाले, तू चुलतबहिणीच्या लग्नात गायलेलं गाणं तूच मोबाइलवर जगजाहीर टाकलंस, त्यावरून शत्रूनं तुझा आवाज बनवला. (ते गाणं ऐकूनही त्याला तुझा आवाज घ्यावासा वाटला, म्हणजे शत्रू भलताच अडचणीत असणार.) दर घरी एक गुपित प्रश्न ठरवायची माझी युक्ती त्यांनी वहीत लिहून घेतली. मग विचारलं, "आजी, इथं हा निरोप सगळ्यांत आधी कुणी पसरवला?" मी म्हटलं, साहेब, मी अडाणी म्हातारी, मला फोनमधलं काय कळतंय?

तुझी,
(बाईंनी अंगठ्याला जागा सोडली आहे)

ता.क. मीच पसरवला. "तुझा गुडघा कसा आहे" एवढं ऐकलं आणि हरखून, पुढचं न ऐकताच, अकरा घरी पाठवून दिलं. म्हटलं, ऐका, माझा नातू माझा गुडघा विचारतो! ऐकायचं सगळं नंतर ऐकलं. बाईंनी कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली आहे.

आणखी ता.क. तू पुढच्या चौकीवर, तुला फोन लागत नाही. दुसऱ्याच्या मुलाच्या शब्दावर तुझ्या आईचा विश्वास बसत नाही, दोन दिवस धड जेवली नाही. मिळेल त्या फोनवरून आवाज पाठव. आधी खणखणीत "ए म्हातारे" म्हण, म्हणजे तूच आहेस हे तिला पटेल. मग गुडघ्याचं विचार. खरंच दुखतोय रे.