बाबांच्या गाडीचा पुढचा शॉकअप

कट्टा,
दि. ४ नोव्हेंबर २०२४

चि. दीपेश यास,
अ. उ. आ. फोनवर आपण भांडतो नि तू तो ठेवून देतोस, म्हणून पार्सलासोबत चिठी. तोंडवलीच्या एसटीत कंडक्टर हरिश्चंद्राकडे दिलंय, उतरवून घे.

बाबांच्या सत्तर सालच्या मोटरसायकलच्या शॉकअपच्या नळ्या वाकल्यात म्हणतोस, तर माझ्या अठ्ठ्याहत्तरच्या गाडीच्या काढून पाठवल्यात. पंच्याऐंशी पूर्ण होतील त्या दिवशी बाबांना तुझ्या मागे बसून देवळात जायचंय म्हणे. खुशाल जा! त्यांचं गॅरेज मी चालवते, काळे हात माझे, नि गाडी मात्र मुलगा म्हणून तुझ्या नावावर. तुझ्याकडे उतरलेले पर्यटक तिच्यावर बसून फोटो काढतात ते बघितलं की माका असा झोंबता, काय सांगू! सौ. सोनलला आशीर्वाद.

जळूनही तुझं बरंच चिंतणारी,
जानकीताई

तोंडवली,
दि. ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि. नळ्या मिळाल्या. पण गो ताई, वरच्या ‘टी’मध्ये, हँडलखाली जिथे त्या आवळायच्या, तिथे सैल बसतात. मी पत्र्याची पट्टी गुंडाळून घट्ट केल्या नि खूश झालो. बाबा काठी टेकत आले, हँडल हलवून पाहिलं आणि मला नको नको ते बोलले. भर रस्त्यात हँडल फिरलं असतं तर दोघंही गेलो असतो म्हणाले. नळ्या तू पाठवल्यास हे कळल्यावर मात्र हँडल सोडून वळले. जानकीला हे ठाऊक नसेल असं होणारच नाही, एवढंच म्हणून आत गेले.

खरं सांग, ठाऊक होतं?

राग असला तरी माया सोडू नकोस.
दीपेश

कट्टा,
दि. १२ नोव्हेंबर

चि. दीपेश यास,
अ. उ. आ. होतं. सत्तरची नळी जाड, अठ्ठ्याहत्तरची बारीक. मला वाटलं, बसणार नाहीत, तू हात टेकशील नि गाडी माझ्याकडे पाठवशील. मग बाबा माझ्या मागे बसले असते. तू पत्रा गुंडाळशील हे डोक्यातच आलं नाही. जळफळाटापायी बापाला नि भावाला मारायला निघाले होते रे मी!

माझ्या गाडीचा टी पाठवतेय. टी नि नळ्या एकाच सालच्या असल्या की बाबांच्या गाडीला बिनधास्त बसतात. माझी गाडी विटांवर उभी आहे, राहू दे. बाबांना तोंड दाखवायची हिंमत नाही.

मोठी असून माफी मागणारी,
जानकी

तोंडवली,
दि. १६ नोव्हेंबर

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि. टी बसला. दिवसभर खपलो, सगळे बोल्ट मी आवळले. बाबांनी पारखून घेतलं नि म्हणाले, जानकीचं काम पक्कं असतं.

तुला वाटतं, गाडी मिळाली म्हणून मी सुखात. अगो, हॉर्न वाजेना झाला तरी बाबा तुझंच नाव काढतात. लहानपणापासून ऐकतोय. माझा किती जळफळाट होतो, तुका काय ठावक!

वीस तारखेला, बाबांच्या वाढदिवसाला, ये. गाडी तूच चालव, बाबांना तूच मागे बसव. नंतर गाडी कट्ट्याला घेऊन जा, तुझ्या नावावर करायला कागदावर सही करून देतो. फक्त वाटेत एकदा त्यांना सांग, की टी दीपेशने एकट्याने बसवला. माझं खरं वाटत नाही त्यांना. तुझं वाटेल.

तुझा धाकटा,
दीपेश