शाल नूरबानूला, पंखा मला

कर्वेनगर, पुणे

प्रिय जब्बार यास,

सर्जेरावचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? सोलापूरचं ऊन त्याला मानवतं असं मागे लिहिलं होतंस, त्यावर मी विश्वास ठेवलेला नाही. रझियावहिनींना नमस्कार सांग आणि त्यांनी पाठवलेली शेंगाचटणी संपली हे त्यांच्या कानावर घाल (मी मागतोय असं वाटू देऊ नकोस, नुसतं संपली म्हण). इकडे विजयमाला ठीक आहे, मी ठीक नाही. फोनच करणार होतो, पण आमच्या फ्लॅटमध्ये रेंज फक्त हॉलमध्ये येते आणि हॉलमध्ये विजयमाला असते. शिवाय जे सांगायचंय ते पाकीट चिकटवूनच सांगण्यासारखं आहे. मी एका मुलीवर जळतो आहे. ती माझी विद्यार्थिनी आहे आणि तिच्या वयाहून माझी नोकरी जुनी आहे.

झालं असं की आमच्या मॅनेजमेंट कॉलेजचे संचालक उन्हाळ्यात बंगलोरला परिषदेला जाऊन आले. लोक बंगलोरहून साडी आणतात, यांनी कल्पना आणली. मुलं म्हणे शिक्षकापेक्षा एकमेकांकडून जास्त शिकतात, तेव्हा अर्धा तास झाला की शिक्षकानं गप्प व्हायचं आणि मुलांनी गट करून एकमेकांना शिकवायचं. इतकी वर्षं मला बोलण्याचा पगार मिळाला, आता गप्प बसण्याचा मिळतो. (विजयमाला म्हणाली, बरं झालं, थोडी सवय होईल.) मी म्हटलं, करा. दोन दिवसांत कंटाळून पुन्हा माझ्याकडेच येतील. कुणी आलं नाही.

ना नफा ना तोटा बिंदू तुला ठाऊकच आहे. फळ्यावर ठरलेल्या खर्चाची एक आडवी रेघ काढायची, तिच्यावर एकूण खर्चाची चढती रेघ, मग उत्पन्नाची, आणि शेवटच्या दोन जिथं भेटतात तिथं खडूनं ठिपका द्यायचा. तो ठिपका मी नोकरीला लागल्यापासून देतो आहे. मुलं उतरवून घेतात, परीक्षेत काढतात, पास होतात, कुणाची तक्रार नव्हती. तर नाना पेठेतली ही नूरबानू (आजोबांपासून गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्यांचं) आपल्या गटाला म्हणाली, समजा आपण लोणावळ्याला सहल काढली. बसचं भाडं ठरलेलं, दहाजण या नाहीतर चाळीस. नाश्ता मात्र माणशी. मग किती जणांनी वर्गणी भरली की आपल्या खिशातून जायचं थांबेल? तेवढ्यावर सगळ्यांना कळलं. मी मागे उभा होतो, मलासुद्धा कळलं, आणि मला जो संताप आला तो त्यामुळेच.

मग मी एक चाल केली. तिचा गट मोडला आणि तिला मच्छिंद्रजवळ बसवलं. मच्छिंद्र म्हणजे बावधनचा. वडिलांनी जमिनी विकून बस घेतल्या आहेत, आणि हा वर्गात येतो तो दुपारची झोप पुरी करायला. म्हटलं, आता बघू काय शिकवते ती. पुढच्या आठवड्यात मी फळ्यावर रेघा काढत असताना मागून आवाज आला. "सर, चाळीसच्या वर एक जरी माणूस आला तर दुसरी बस लागती की. मग तुमची भाड्याची रेघ सपाट कशी ऱ्हाती?" जब्बार, हा प्रश्न पुस्तकात नाही. मी पाहिलं. मी म्हटलं, उद्या सांगतो. वाईट याचं वाटलं की नूरबानूनं त्याच्याकडे मान वळवून कौतुकानं विचारलं, हे तुला कसं सुचलं रे? मग तो तिला बसचं सगळं सांगत बसला, ड्रायव्हर, डिझेल, परतीची रिकामी फेरी, आणि ती लिहून घेत होती. माझ्या तासाला तिनं कधी पेनाचं टोपण काढलेलं मला आठवत नाही.

कॉलेजबाहेर चहाच्या टपरीशेजारी कट्टा आहे, तिथं ही मंडळी संध्याकाळी बसतात. नियम एकच, बसायचं असेल तर नंबर आला की दुसऱ्यांना न येणारं काहीतरी शिकवायचं. ते काय बोलतात हे ऐकायला मी एकदा वर्तमानपत्र तोंडासमोर धरून टपरीशी उभा राहिलो. (वर्तमानपत्र उलटं धरलं होतं असं मच्छिंद्र सांगतो, ते खोटं आहे, आडवं होतं.) नूरबानूनं ओळखलं. सरकून जागा केली, चहा मागवला आणि अगदी मायेनं म्हणाली, "सर, तुम्हाला नेमकं कुठं अडतंय?" मी म्हटलं, मी चहाला आलोय. घरी येताना मात्र आपल्या हॉस्टेलची गॅलरी आठवली. हाच बिंदू तू मला मेसच्या पोळ्यांवरून समजावला होतास, म्हणून मी पास झालो. पोळ्या मी विसरलो, ठिपका तेवढा लक्षात ठेवला.

आता शालीचं ऐक. शिक्षकदिनाला आमच्याकडे मुलं मतं देऊन एका शिक्षकाला शाल-श्रीफळ देतात. आजवर सगळ्यांना मिळून गेली, अकाउंट्सच्या बाईंना तर दोनदा. यंदा माझ्याशिवाय कुणी उरलेलंच नव्हतं. मी नवा शर्ट शिवला. 'अहो, याची काय गरज होती' हे वाक्य आरशासमोर निरनिराळ्या आवाजांत म्हणून पाहिलं. संचालकांनी माईकवर सांगितलं, यंदा मुलांनी जरा वेगळी निवड केली आहे, आणि मी उठलो. (वेगळी म्हणजे मीच, असा माझा समज.) पूर्ण उभा राहिल्यावर त्यांनी नूरबानूचं नाव घेतलं. आता उठलेल्या माणसानं करायचं काय? मी तसाच चालत भिंतीपर्यंत गेलो आणि पंखा वाढवला. टेबलावरची फुलं उडाली, संचालकांचं भाषणही उडालं, आणि ती शाल घेताना मी मुलांबरोबर खाली वाकून कागद गोळा करत होतो. ती बोलली एवढंच, "सर शिकवायचे ते आम्हाला कळायचं नाही, म्हणून आम्ही एकमेकांना विचारायला लागलो. सरांनी नीट शिकवलं असतं तर आमची ओळखसुद्धा झाली नसती." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. तिच्या बोलण्यात खोच असती तर मला बरं वाटलं असतं, पण ती खरोखर आभार मानत होती. घरी विजयमालानं माझे रिकामे हात पाहिले आणि काही न विचारता पोहे केले. तिचं ते न विचारणं मला फार लागलं.

असो. मन मोकळं केलं, उत्तराची घाई नाही. गुडघ्याला जप.

तुझा,
सर्जेराव

ता. क. पत्र खिशातच राहिलं. दरम्यान मी कट्ट्यावर जाऊन बसलो. दुसऱ्या बसचं गणित नूरबानू आणि मच्छिंद्र दोघांनी मिळून मला समजावलं. रेघ सपाट नसते, पायरीसारखी चढते. चांगलं शिकवतात. (हे संचालकांना कळवू नकोस.)

ता. क. दुसरा. बसलो, म्हणून नियम मलाही लागू झाला. गुरुवारी माझा नंबर आहे. पुस्तकातलं चालत नाही, आणि पुस्तकाबाहेरचं मला काय येतं यावर मी बराच विचार केला. विजयमालाला विचारलं, तीही विचार करते आहे. तेव्हा वर घाई नाही लिहिलंय ते खोड. हॉस्टेलात आपण एका खोलीत राहिलो, तू मला एवढं शिकवलंस, तर तूही माझ्याकडून काहीतरी शिकला असशील. काय ते आठवून उलट टपाली लिही. आणि नसेल आठवत, तर लगेच तसं कळवू नकोस. चार दिवस जाऊ देऊन मग कळव.