बाळाच्या औषधाच्या पुड्या

प्रिय शिवकुमार,

प्रिय लिहिताना हात अडला, पण नवऱ्याला दुसरं काय लिहितात ते मला ठाऊक नाही. फोन करत नाही, कारण तुम्ही स्पीकर लावता आणि माझं बोलणं लेकाच्या आधी आत्याबाई ऐकतात. नांदेडच्या दवाखान्यात बसून लिहितेय. बाळ परत इथंच दाखल आहे. आता घाबरू नका, दूध ओढतंय. घाबरायची वेळ होती तेव्हा तुम्ही लातुरात गिऱ्हाईक करत होता.

सातव्या महिन्यात लातूरला मला कळा आल्या, आठवतं? बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं दिली. दहा दिवसांनी पुन्हा कळा, पुन्हा तीच इंजेक्शनं. तरी पहिलं बाळंतपण माहेरीच, म्हणून मला नायगावला धाडायचं ठरलं. आत्याबाई म्हणाल्या, फाईल इथंच राहू दे, नाहीतर तुझ्या माहेरचे म्हणतील जोखमीची पोर आमच्या गळ्यात मारली. तिकडं तोंड उघडू नको. तुम्ही फाईल कपाटात टाकलीत आणि मला एसटीत बसवलंत.

आणि मी तरी कुठली शहाणी! नायगावला परत कळा आल्या, नांदेडला आणलं, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट विचारलं, आधी अशी इंजेक्शनं झालीत का? मी नाही म्हटलं. त्यांनी बिचाऱ्यांनी तिसऱ्यांदा दिली. त्या पापातला माझा वाटा मी कुणावर ढकलत नाही.

जन्मल्यावर चौथ्या दिवशी बाळ चिंधीसारखं गळून गेलं. रडेना, पिईना, रक्तातली साखर उतरली. डॉक्टरांनी पुन्हा खोदून विचारलं तेव्हा मी सगळं ओकले. मग तपासणीत निघालं. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींनी जो रस करायचा, तो पोटातच बाहेरून एवढा आयता मिळाला की त्या काम विसरल्या. इंजेक्शन वाईट नाही, त्यानंच अशी लेकरं वाचतात, पण किती वेळा झालं ते आम्हाला कळायला नको का, असं डॉक्टर म्हणाले. ग्रंथी जाग्या होईपर्यंत पुड्या द्यायच्या, एकही चुकवायची नाही. हे सुटी देताना तुमच्यासमोर सांगितलं होतं.

सोमवारी तुम्ही मायलेकरं कुंची घेऊन नायगावला आलात. पुड्या बघून आत्याबाई म्हणाल्या, स्टेरॉइड? लेकराला पैलवान करायचाय का? लई हसल्या. तुम्ही गेल्यावर डबी उघडली तर रिकामी! गावात ते औषध मिळेना. सकाळी नांदेडहून आणू म्हटलं, तर पहाटेच बाळाचं अंग गार पडलं. जीप करून इथं आणलं. सारा रस्ता मी आत्याबाईंना शिव्या घालत होते.

दुपारी तुमचा मेसेज वाचला. पुड्या मीच सोबत लातूरला आणल्यात, दोन दिवस बिनऔषधाचं बघू, रविवारी गाडी पाठवतो, बारसं लातूरलाच करू. म्हणजे हात तुमचा होता.

गाडी पाठवू नका. आम्ही येणार नाही, हे कळवायलाच लिहायला बसले. डॉक्टरांनी विचारलं, औषध कुणी बंद केलं? जावयाची अब्रू जाईल म्हणून आई मला मागून चिमटे काढत होती. मी तुमचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावलं.

तुमचीच लिहायला जीव धजत नाही,
बाळाची आई,
अंजू