दोघींचा फोटो जोडून

मी, खाली सही करणारी, फोटो स्टुडिओची मालकीण, वय एकाहत्तर. मोतीबिंदू आहे, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दडपणाखाली न येता, आणि थोरल्या भावाच्या धमक्यांना भीक न घालता, हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

१. राहते घर व खालचा स्टुडिओ गणिताच्या बाईंना मिळावा. बाई तरुणपणापासून माझ्यासोबत राहतात. लोक त्यांना भाडेकरू समजले, आम्ही समजू दिले. भाऊ म्हणतो, "ती तुझी लागते कोण? तुझे डोळे मिटले की तिला बाहेर काढतो." सबब स्पष्ट लिहिते: बाई माझी जोडीदार आहे. हे वाक्य जन्मात पहिल्यांदाच लिहिले. लिहून झाल्यावर आभाळ कोसळले नाही, याचेच मला नवल वाटते.

२. वडिलांचे घड्याळ भावाला द्यावे. त्याच्याइतकेच हट्टी आहे. दुरुस्त करणाऱ्यांनी हात टेकले.

३. कॅमेरे, दिवे, पडदे चिमणीला. ती पहिल्यांदा आली ती ओळखपत्राच्या फोटोसाठी, कागदोपत्री मुलगा. फोटो झाला तरी उठेना. म्हणाली, "मावशी, हा त्यांच्यासाठी झाला. आता एक माझा काढाल?" खिशातून कानातले काढून घातले आणि मान वर केली. जन्मभर मी लोकांना "जरा हसा" म्हणत आले. त्या दिवशी ते सांगावे लागले नाही. माणसाचा चेहरा एवढा सुंदर असतो, हे मला तोवर माहीत नव्हते. मग तिने आपल्यासारख्या एकेकाला फोटोसाठी आणले. कोणाला घरच्यांनी टाकलेले, कोणी आपणहून निघालेले. त्यांच्या निगेटिव्ह ज्याच्या त्याच्या हाती द्याव्यात. दर्शनी काचेत कोणी दिसायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

४. मृत्युपत्राला माझा फोटो लागतो, एकटीचा, असे वकील म्हणाले. शोधला, तर नाही. लग्ने, बारशी, सगळ्या गावाचे काढले, माझा राहिला. चिमणी म्हणाली, "बसा, मी काढते." सगळी पोरे गोळा झाली. मी सवयीने ओरडले, "घरातल्या थोरल्यांनी खुर्चीवर बसा!" कोणी हलेना. मग त्यांनी बाईंना आणि मला दंड धरून बसवले आणि आमच्या मागे उभी राहिली.

तोच फोटो सोबत जोडला आहे. वकिलांनी बाकीचे कापायला कात्री मागितली, दिली नाही. भावाने कोर्टात विचारलेच की ही कोण लागते, तर न्यायाधीशांना हा दाखवावा. खुर्चीवर डावीकडे मी आहे. उजवीकडे माझे घर आहे.

ठिकाण: स्टुडिओ, पडद्यासमोर
दिनांक: बारा फेब्रुवारी
सही: मालकीणबाई

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. आमचे डॉक्टर
२. कोपऱ्यावरचे बेकरीवाले काका