नत्थुजीच्या बातमीवरचा फोटो

धामणखेड, ता. अकोट
११ सप्टेंबर २००६

चि. अपेक्षा हिस मोठेबाबाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, मी मेलो. असं काल तुमच्या पेपरात आलं. पान पाच, वरून दुसरी बातमी. मजकूर आपल्या गावच्या नत्थुजीचा, फवारणीचं विष भिनून तो वारला त्याचा, अन् वर फोटो माझा! फेटा बांधलेला, सत्काराचा. तुले तं मालूम आहे, सकाळच्या एस. टी.नं पेपर येते अन् मी वाचनालयाच्या पायरीवर बसून चार लोकायले वाचून दाखवतो. पान उलटवलं तं मी मलेच पाहून राहिलो. ज्यायले वाचता येत नाही त्यायनं फक्त फोटो पाहिला अन् मंग माह्याकडे पाहिलं.

इथवर ठीक होतं. पण तुझ्या मोठीआईचा भाऊ भातकुलीहून जीप करून आला, अकरा माणसं कोंबून. बायका फाट्यापासूनच रडत आल्या. मी ओसरीवर दाढी करून राहिलो होतो, अर्ध्या गालाले साबण. त्यायले पाहून मी उठलो तं एक जण किंचाळलीच. तुझी मोठीआई कुंकू लावून दारात उभी राहिली, का कोणाच्या तोंडून भलतंसलतं निघू नये. मंग काय, अकरा माणसायचा सैपाक. माह्या मौतीले आले अन् वरण-भाकरी खाऊन, ढेकर देऊन गेले.

शेषराव वार्ताहर कालपासून पानठेल्यावर फिरकला नाही. त्याचं म्हणणं, पाकीट त्यानं बरोबर भरलं, गोंधळ अमरावतीत झाला. तू पत्रकारितेच्या कॉलेजकडून त्याच पेपरात काम शिकून राहिली म्हणून विचारतो, हे कोणाच्या हातून झालं? तुझ्या बापाचाही अकोल्याहून फोन आला. मले फोनवर ऐकू येत नाही, तुझ्या मोठीआईनं घेतला. खुशाल लय तापला आहे म्हणे, माहा हा लहाना भाऊ पहिलेपासून असाच.

नत्थूचं वाईट झालं. असो.

पत्र लवकर टाक. माया होती तशीच आहे, जिता आहो तवर राहीन.

तुझा मोठेबाबा (अजून हयात)


अमरावती, मुलींचे वसतिगृह
१४ सप्टेंबर २००६

ती. मोठेबाबा यांस, अपेक्षाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं आणि मग खाली बसले. कोणाच्या हातून झालं, असं तुम्ही विचारलंत. माझ्या.

सगळं सांगते. आमच्या दुसऱ्या वर्षाला दोन महिने पेपरात काम करावं लागतं. तालुक्यांचे वार्ताहर बातम्या लिहून, फोटो टाचणीनं लावून, पाकिटं एस. टी.च्या कंडक्टरजवळ देतात. ती बसस्टँडवरून आणायची, फोडायची आणि मजकूर नीट करून द्यायचा, हे काम माझं आणि माहेनूरचं. माहेनूर म्हणजे माझी अकोल्याची मैत्रीण, आमची खोली एकच. अकोटचं पाकीट फोडलं तर आत तुम्ही! वाचनालयाच्या अध्यक्षांचा सत्कार, आणि फेटा बांधलेले माझे मोठेबाबा. मला इतका आनंद झाला की टाचणी काढून तुमचा फोटो मी आधी माहेनूरला, मग सगळ्या टेबलांवर फिरून दाखवला. तेवढ्यात पान लावणारे घाई करू लागले. दोन्ही फोटो माझ्या हातात होते. भराभर टाचण्या लावल्या, आणि तुमचा फोटो नत्थुजींच्या बातमीला लागला. सत्काराची बातमी जागा नाही म्हणून राहिली, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

संपादक म्हणाले, आत दोन ओळींची दुरुस्ती टाकू, तुझं नाव कुठे घेऊ नकोस. मी त्यांना सांगितलं की चूक माझी आहे आणि मी ती नावानिशी लिहीन. ते हसले. म्हणाले, पेपरात माफी पेपर मागत असतो, पोरी नाही.

बाबांनी फोनवर मला बोलूच दिलं नाही. महिनाअखेर येतो, बिऱ्हाड बांधून ठेव, अकोल्याला डी. एड.ला घालतो म्हणाले. मास्तरणीच्या हातून निदान जिती माणसं मरत नाहीत, असंही म्हणाले. ते मला लागलं. पण मी जाणार नाही, मोठेबाबा. चूक झाली म्हणून शिक्षण सोडायचं असेल तर कोणीच काही शिकू नये.

मोठीआईची मी पाया पडून माफी मागते. तुमचीही. रागावा, पण पत्र लिहिणं सोडू नका.

तुमची अपराधी
अपेक्षा


धामणखेड
१८ सप्टेंबर २००६

चि. अपेक्षास अनेक आशीर्वाद.

अवो बाई, रडू नको. मी रागावलो नाही. मोठेबाबाचा फोटो पाहून पोट्टी हरखली अन् गडबड झाली, याच्यावर काय रागावू? उलट गावात माही इज्जत वाढली. मेल्याच्या बातमीनंतर जो तो म्हणते, आता तुमचं आयुष्य वाढलं. पोस्टमननं तं पत्र देताना चिमटा काढून पाहिला.

खुशालची चिंता करू नको. बारावीनंतर तुले पत्रकारितेले घालाले तो तयार नव्हता तवा त्याच्याशी कोण भांडलं? मी. आताही मीच पाहीन. डी. एड. वाईट नाही, पण ज्याले जे पाहिजे ते त्यानं करावं. शेतकरी जीव देऊन राहिले म्हणून आपल्या भागात रोज कॅमेरे घेऊन लोक येऊन राहिले, मुंबईहून, दिल्लीहून. घराच्या दारात उभं करून बाईले विचारतात, तुम्हाले कसं वाटते? आपली एखादी पोट्टी त्यायच्यात असली तं बरं, असं माह्या मनात होतं, अजून आहे.

दुरुस्तीच्या दोन ओळी परवा वाचल्या. बस झालं तेवढं. आता नाव लावून माफी वगैरे काही नको, उगाच गवगवा होते.

एक काम मात्र कर. नत्थूची बायको माणिकबाई दोनदा येऊन गेली. तिच्या घरी नत्थूचा तो एकच फोटो होता, तिच्या भावाच्या लग्नातल्या फोटोतून कापून काढलेला. तो तिले पाहिजे. शोधून पाठवून दे, म्हणजे विषय मिटला. त्याच्या खोलात जाऊ नको, तुह्या परीक्षा जवळ आल्या.

वांगे आले आहेत, कोणी अमरावतीले आलं तं पाठवतो. ख्याली-खुशाली कळवत जा.

तुझा मोठेबाबा


अमरावती
२१ सप्टेंबर २००६

ती. मोठेबाबा यांस सा. न. वि. वि.

फोटो सापडला! तीन दिवस आम्ही दोघींनी पेपरचं ऑफिस पालथं घातलं. माहेनूर तर रद्दीच्या गठ्ठ्यात शिरली, शिपायाच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी तो न छापलेल्या बातम्यांच्या फायलीत निघाला, तुमच्या सत्काराच्या कागदाला लागलेला. नखाएवढा चेहरा आहे, बाजूला कोणाचा तरी खांदा. मी तो पाकिटात घालून पाठवणार नाही. स्वतः घेऊन येते.

पण मोठेबाबा, तो फोटो हातात आला तेव्हा मला माझीच लाज वाटली. मी तुमची माफी मागितली, मोठीआईची मागितली. पेपरनं दोन ओळी छापल्या त्याही तुम्ही हयात आहात म्हणून. मेले ते नत्थुजी. त्यांचा चेहरा छापून आलाच नाही आणि त्याबद्दल कोणाला काही वाटलंही नाही, मला धरून. मी संपादकांकडे गेले, म्हटलं फोटो आता छापा. ते म्हणाले, शिळी बातमी आहे, आणि तो शेतमजूर होता, सातबाऱ्यावर नाव नाही, शेतकऱ्यांच्या यादीत तो धरलाच जात नाही. मी म्हटलं, यादीत नसेल, पण मेलाय ना? त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

म्हणून मी आमच्या देशमुख सरांकडे गेले. आमच्या विभागाचा स्वतःचा एक अंक निघतो, विद्यार्थ्यांनी लिहिलेला. सर पहिलं पान द्यायला तयार आहेत. अट एकच, बातमी पुन्हा मुळापासून करायची. शेषराव काकांच्या पाच ओळींत नुसतं एका शेतात असं आहे. कोणाचं शेत, किती वाजता, काय फवारलं, काहीच नाही. सर म्हणाले, एवढं नसेल तर ती बातमी नाही, सुतकाचं पत्र आहे.

रविवारी सकाळच्या गाडीनं येते. तुम्ही सोबत चला, माणिकबाई मला ओळखत नाहीत. परीक्षेचं मी बघते. मोठीआईला म्हणावं, तिखट कमी कर, होस्टेलच्या जेवणानं माझी जीभ मवाळ झाली आहे.

तुमच्या आशीर्वादाच्या भरवशावर असलेली
अपेक्षा


अमरावती
२५ सप्टेंबर २००६

ती. मोठेबाबा यांस सा. न. वि. वि.

काल मी आले आणि तुम्ही घरी नव्हता. अकोटला अचानक काम निघालं, असं मोठीआईनं सांगितलं. रविवारी कोणतं काम असतं ते मी विचारलं नाही. तिनं आग्रह करून जेवू घातलं, पण माझ्याकडे पाहत नव्हती. मग मी एकटीच माणिकबाईंकडे गेले.

फोटो दिला. त्यांनी पदरानं पुसला आणि पिठाच्या डब्यावर ठेवला. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, फोटोचं जाऊ दे माय. मग मी वही काढली आणि विचारलं, कोणाच्या शेतात फवारत होते. त्या माझ्या तोंडाकडे पाहतच राहिल्या. त्यांना वाटलं, मला माहीत आहे आणि मी मुद्दाम विचारते आहे.

मोठेबाबा, तुम्ही मला का नाही सांगितलं?

परतीच्या गाडीत मी अकोटपासून अमरावतीपर्यंत रडले. शेजारच्या बाईनं वाटेत पाण्याची बाटली दिली. तुम्ही मला या शिक्षणाला घातलं, तुम्ही बाबांशी भांडलात, पेपर हातात धरायला तुमच्या मांडीवर शिकले मी. आता अंकात तुमचंच नाव कसं लिहू? आल्यावर माहेनूरला विचारलं. ती म्हणाली, माझ्या घरचं कोणी असतं तर मी बहुतेक लिहिलं नसतं, पण मग दुसऱ्या कोणाचंही कधी लिहिलं नसतं. ती असंच तोंडावर बोलते.

मी लिहिणार आहे. रागानं नाही. माणिकबाईंनी जे सांगितलं ते माझ्या वहीत आहे, पण सर सांगतात की दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय छापायचं नाही. म्हणून विचारते. शेत कोणाचं होतं? भर दुपारी फवारायला कोणी आणि का सांगितलं? शेषराव काकांच्या बातमीत शेतमालकाचं नाव का नाही?

अंक तीन तारखेला छापायला जातो. तुमचं उत्तर आलं नाही तर शेतमालकानं उत्तर दिलं नाही, असं लिहावं लागेल. या पत्रानंतर तुम्ही बाबांना थोपवणार नाही, हे मी धरून चालले आहे. ते आले तर त्यांनाही हेच सांगेन आणि इथेच राहीन.

तुमच्यावरचा लोभ मला सोडता येत नाही, तुम्हाला माझ्यावरचा सोडावासा वाटला तर मी समजू शकते.

अपेक्षा


धामणखेड
२८ सप्टेंबर २००६

चि. अपेक्षास आशीर्वाद.

रविवारी मी अकोटले कामाले गेलो नव्हतो. बसस्टँडच्या बाकावर बसून होतो, तू परत जाईस्तोवर. तुही गाडी लागली तवा तुले चढताना पाहिलं अन् थांब म्हणायले जीभ उचलली नाही. एकसष्टीचा माणूस वीस वर्साच्या पोट्टीले भेला.

तुह्या पत्रानं मी दोन दिवस जेवलो नाही. पहिले राग आला. म्हटलं, आपलीच पोट्टी आपल्याले प्रश्न विचारते. मंग तुझी मोठीआई म्हणाली का तिनं तरी विचारलं, गावात तं कोणी विचारलं नाही. ती उगाच बोलत नाही, तुले मालूम आहे.

आज सकाळी माणिकबाईच्या घरी गेलो. नत्थू गेल्यावर पहिल्यांदाच. आतापर्यंत तीच माह्या दारात येत होती. जे तुले खाली लिहून राहिलो ते पहिले तिले सांगितलं. मी दारातच उभा होतो, या बसा ती म्हणाली नाही, अन् तिनं म्हणावं असंही मले वाटलं नाही.

खुशालले वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात लिवलं का पोट्टीले हात लावला तं गाठ माह्याशी आहे. तू बिऱ्हाड बांधू नको.

आता तुहे प्रश्न. तुह्या सरायले हा कागद दाखव.

शेत माझं. नाल्याजवळचं, गट नंबर ११४, कापसाची पऱ्हाटी. सहा सप्टेंबर, बुधवार. फवारायले मीच सांगितलं, दुपारी बारा वाजता. नत्थू म्हणाला, ऊन लय आहे अन् वारा तोंडावर येते, उद्या सकाळी करतो. मी म्हणालो, उद्या माहा सत्कार आहे, आजच आटप. दोन औषधं एकाच पंपात कालवाले मीच लावलं, का दोनदा फेरी मारा लागू नये. त्यानं तोंडाले बांधाले फडकं मागितलं. मी म्हणालो, आजवर कोणी बांधलं का? चार वाजता तो शेताच्या धुऱ्यावर पडला. अकोटच्या दवाखान्यात नेला. दुसऱ्या दिवशी माहा सत्कार चालू होता तवा तो तिथंच होता. मी फेटा बांधून बसलो होतो. शुक्रवारी तो गेला.

शेषरावले शेताचं नाव टाकू नको म्हणून मीच सांगितलं. तो नाही म्हणू शकला नाही. अन् तू हातात घेतलेल्या त्या पाकिटात सत्काराची बातमी मीच माह्या हातानं घातली होती.

हे माह्या तोंडचं आहे. मोठेबाबा म्हणून कुठं मऊ करू नको, एक शब्द कापू नको.

भगवंतराव सीताराम गावंडे
वय ६१, शेतमालक, रा. धामणखेड